हात तुझा, मत तिचं

आबा, तू सांगून गेला असतास तर आज मला पोरीपुढे तोंड बंद करून बसावं लागलं नसतं. एवढंसं तर सांगायचं होतं. शिक्का कुठे मारलास, या चित्रावर की त्या चित्रावर. पण नाही. आई विचारून विचारून थकली, मी एकदा विचारलं तर मुस्काटात खाल्ली, शेजारचे चहा पाजून विचारून गेले, आणि तुझं आपलं एकच, "मत तिचं होतं." अरे, मत तिचं होतं हे खाडीकाठच्या सगळ्या बमरोलीला ठाऊक होतं. हात तर तुझा होता ना? मी हाताचं विचारतेय. माणूस जाताना तरी मोकळं होऊन जातो. तू जाताना खिडकी उघडायला लावलीस, माझ्या धाकट्याला रंगाच्या मिलमध्ये घालू नका म्हणालास, आणि भिंतीकडे तोंड केलंस. शिक्क्याचं नावसुद्धा काढलं नाहीस. आता इतक्या वर्षांनी ते माझ्या गळ्याशी आलंय, आणि आलंय कुठून, तर थेट इंग्लंडातून.

लिहायला मला जमत नाही हे तुला माहीत आहे. चौथीतून तूच काढलंस, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर त्या तुझ्या माथी. समोर साड्यांचा गठ्ठा पडलाय, धागे कापून संध्याकाळपर्यंत परत द्यायचाय, आणि मी कटर बाजूला ठेवून हे करत बसलेय. तुझा जावई म्हणाला, कोणाला लिहितेस? मी म्हटलं, बापाला. तो गुपचूप चहा घेऊन बाहेर गेला. त्याला वाटलं असेल, उन्हाने डोकं फिरलं.

तर ऐक. तुझी नात, माझी थोरली, जिला तू खांद्यावर बसवून भेस्तानच्या रेल्वे फाटकावर गाड्या दाखवायला न्यायचास, ती आता इंग्लंडात असते. नवऱ्याला आणि पोरीला घेऊन गेलीय. समुद्राकाठचं गाव आहे, त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तिकडे म्हातारी माणसं एका मोठ्या घरात ठेवतात, आणि त्यांना न्हाऊ घालायला, भरवायला, रात्री कूस बदलून द्यायला आपल्याकडच्या पोरी नेतात. ती ते काम करते. नवरा गोदामात खोकी उचलतो. पोरगी शाळेत जाते, माझ्याशी फोनवर दोन शब्द मराठी बोलते आणि पुढे काय ते तिचं तिलाच कळतं. अमुक वर्षं तिथे काढली की तिथलं राहणं पक्कं व्हायचं होतं. ती वर्षं भरत आली तर म्हणतात मुदत लांबवणार. आणि आता त्यांच्या देशाची निवडणूक लागलीय, आणि त्यात एक पक्ष असा आहे की तो म्हणतो, मुदत लांबवायची कशाला, या सगळ्यांना पाठवूनच देऊ.

आधी मला यातलं काही कळलं नव्हतं. पोरीने एक दिवस फोन फिरवून तिचा रस्ता दाखवला. खांबाखांबाला झेंडे. पांढऱ्यावर तांबडी फुली. मी म्हटलं, "अगं बाई, जत्रा आहे का तुमच्याकडे? जेवण कोण घालतंय?" आपल्याकडे झेंडे-पताका लागल्या की मंडप पडतो, महाप्रसादाची पातेली येतात, पोरं नाचतात. माझ्या डोक्यात तेच. पोरगी म्हणाली, "मम्मी, हे आमच्यासाठी लावलेत." मला वाटलं, स्वागताला. मी म्हटलंसुद्धा, बघ, किती मान देतात. मग तिने फोन खाली केला आणि बराच वेळ मला नुसते तिचे बूट दिसत राहिले. पलीकडे कोणीतरी गाडीतून ओरडत गेलं. काय ओरडला गं, मी विचारलं. काही नाही, म्हणाली. ओरडणाऱ्याचं काही नाही असं नसतं, आबा, एवढं मी पण सुरतेत राहून शिकलेय.

तेव्हापासून मी रोज खोदून खोदून विचारते, आणि ती रोज थोडं थोडं सांगते. त्या म्हाताऱ्यांच्या घरातली स्वयंपाकीण म्हणते, मी कोणाच्या विरोधात नाही, पण दवाखान्यात नंबर लागत नाही. बस चालवणारा म्हणतो, सगळे चोर, मी मतच देणार नाही. त्यांच्या गल्लीत नवसारीकडचा एक काका आहे, दुकानवाला, पोरीला मेथीची जुडी वर घालून देतो. तो पण म्हणतो, "बेटा, हवे बहु थई गया. दरवाजो बंद करवो पडे." म्हणजे आता फार झाले, दार लावायलाच हवं. पोरगी म्हणाली, काका, तुम्ही पण त्याच दारातून आत आलात ना? तर म्हणतो कसा, "आव्यो एटले तो खबर छे के दरवाजो केटलो पहोळो छे." आलो म्हणून तर ठाऊक आहे, दार किती रुंद आहे. आणि मेथी वर घालून दिली ती दिलीच. मला त्या मेथीचीच जास्त भीती वाटली. शिव्या देणारा परवडतो. मेथी देऊन मत दुसरीकडे टाकणारा कसा ओळखायचा?

माझी नात बूट उशाला घेऊन झोपते म्हणे. शाळेतल्या एका पोराने तिला सांगितलं की निवडणूक झाली की तुम्हाला पाठवणार. तिची आई म्हणाली, बूट दाराशी ठेव. तर नात म्हणते, दाराशी ठेवले आणि घालायला वेळच दिला नाही तर? 

इथे आमच्या ओट्यावर पण हाच विषय. चार बायका साड्या घेऊन बसतो, हातात कटर आणि तोंडात जगाच्या चौकश्या. कोपऱ्यावरची मावशी म्हणाली, "तुन्ही पोरले तिकडे मत शे म्हणतस, खरं का व?" मी म्हटलं, आहे ना. त्यांनी ज्या ज्या देशांवर राज्य केलं तिथली माणसं तिकडे राहायला गेली की त्यांना मत देता येतं. मावशी म्हणाली, "म्हणजे राज्याचं भाडं देत असतील." दुसरी म्हणाली, भाडं कसलं, डिपॉझिट परत करतायत. तेव्हा ती युपीवाली भाभी, जी दिवसभर तोंड उघडत नाही, ती मान वर न करता म्हणाली, "दीदी, डिपॉझिट वापस करते हैं तो समझो कमरा खाली करवाएँगे." सगळ्या खो खो हसल्या. मी पण हसले. हसता हसता माझं कटर धागा सोडून साडीवरून फिरलं. पदरालाच भोक. शेठने ती साडी माझ्याच गळ्यात मारली, ती अजून तशीच घडी करून ठेवलीय.

तुझा जावई दिवसभर मोबाईलवर तिकडचे अंदाज बघतो. एक माणूस घसा फोडून ओरडत असतो, बाण वर जातात, बाण खाली येतात. काल हे पुढे होते, आज ते पुढे आले. बहुतेक दिवशी ते झेंडेवालेच, पाठवून देऊ म्हणणारे, पुढे असतात. नाक्यावर तर सट्टा पण लागलाय म्हणतात. सुरतेत कशावर लागत नाही? मी त्याला म्हणते, बंद करा ते. लोकांना विचारून कळत असतं तर मग मतपेटी कशाला बनवली? आणि हे मला तूच शिकवलंस. खाडीच्या काठावर आपली खोल्यांची ओळ होती तेव्हा तिन्ही पक्षांचे लोक यायचे. तू दारात उभा राहून तिघांनाही हात जोडायचास आणि "तुमचंच, साहेब, दुसरं कोणाचं" म्हणायचास. एक गेला की आई पदर तोंडाला लावून हसायची. तू म्हणायचास, "इचारनाराले त्यान्हंच तोंड दखाड." विचारायला येणारा खरं ऐकायला येत नाही, आपलाच चेहरा बघायला येतो, तो त्याला दाखवून मोकळं व्हायचं. म्हणून त्या अंदाजांवर मी विश्वास ठेवत नव्हते. उलट मनात म्हणत होते, हे गोरे पण तोंडदेखलं सांगत असतील, आत वेगळं असेल, आत बरं असेल.

आत काय आहे ते मग पोरीने सांगितलं.

तिच्याकडे एक म्हातारी आहे. नव्वदीची. डोळ्यांत नुसता धूर, हात असे थरथरतात की चमचा तोंडापर्यंत जाताना अर्धा रिकामा होतो. कधीकाळी शाळेत शिकवायची. पोरगी नवीन होती, इंग्रजी अडखळत बोलायची, तेव्हा हिनेच तिला शेजारी बसवून एकेक शब्द म्हणून घेतला. पोरीशिवाय कोणाच्या हातून जेवत नाही. तिला एक दिवस फोन आला, मत कोणाला देणार म्हणून विचारायला. म्हातारी गोड आवाजात म्हणाली, अजून ठरवलं नाही हो. फोन ठेवला आणि पोरीला म्हणाली, "त्यांना काय सांगायचं, लाज वाटते ना." आणि मग जे लाजेने त्यांना सांगितलं नाही ते माझ्या पोरीला सांगितलं. तिचं मत झेंडेवाल्यांना आहे. गाव तिचं राहिलं नाही म्हणते. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत म्हणते. बघ तरी, डोळ्यांनी दिसत नाही आणि पाट्या वाचता येत नाहीत याचं दुःख.

तिकडे आजाऱ्यांना मताचा कागद टपालाने येतो. म्हातारी पोरीला म्हणाली, कागद आला की तू माझा हात हो, मी सांगते त्या खुणेसमोर फुली कर. पोरगी म्हणाली, बाई, ते आले तर मला जावं लागेल हे तुम्हाला माहीत आहे ना? तर म्हातारीने तिचा हात चाचपडत धरला, थोपटला, आणि म्हणाली, "तू नाही गं बाळा. बाकीचे."

 हे मी आधी ऐकलंय, आबा. तूही ऐकलंयस.

पोरीने विचारलं, मम्मी, मी काय करू? मी क्षणभर पण थांबले नाही. म्हटलं, "दुसऱ्या खुणेवर मार फुली. आंधळीला काय दिसणार?" ती म्हणाली, "आणि मग रोज तिला भरवू कोणत्या हाताने?" मी म्हटलं, मग नाही म्हण, तुझ्या साहेबाला सांग. ती म्हणाली, "साहेब म्हणेल तिचा भाचा बघेल. भाचा दुसऱ्या पक्षाचा, त्याच्यावर तिचा भरोसा नाही, ती त्याला कागदच देणार नाही. म्हणजे तिचं मत बुडालं. ते पण मीच बुडवल्यासारखं." मग माझं डोकं फिरलं. "मग कर तिच्या मनासारखं आणि बस बोंबलत! एका मताने काय गाव उलटणार आहे?" पोरीचं स्वतःचं मत आहे, ते ती झेंडेवाल्यांच्या विरुद्ध टाकणार. एका हाताने टाकायचं आणि दुसऱ्या हाताने खोडायचं, हे काय जगणं झालं?   ती म्हणाली, "मम्मी, आबांनी काय केलं होतं?"

आईनेच पोरीला लहानपणी सांगितलेलं. आई गेली, पण गोष्ट मागे ठेवून गेली, आणि शेवट तुझ्या पोटात.

मी तेव्हा दहा-अकराची असेन. आपली खोली खाडीला लागून, आणि रस्त्याच्या बाजूला डोशीचं, त्या गुजराती म्हातारीचं, कौलारू घर. डोशी आंधळी. पोरं शहराच्या दुसऱ्या टोकाला, सणाला पण फिरकत नव्हती. तू मिलच्या पाळीला जायच्या आधी तिच्या दोन कळश्या भरून द्यायचास, भाजीचा भाव सांगायचास, हिंदोळ्याच्या कडीला तेल घालायचास. ती तुला भाई म्हणायची, आणि आमच्या सगळ्या ओळीला गंदकी म्हणायची. दोन्ही एकाच श्वासात. मतदानाच्या दिवशी तू इस्त्रीचा एकुलता एक सदरा घातलास. डोशी हिंदोळ्यावर तयार होऊन बसलेली. तुझी चाहूल लागली तशी म्हणाली, "आजे तारे मारी आंख थवानी छे, भाई." आज तू माझे डोळे व्हायचंस. एका बाजूने तू, एका बाजूने मी, मध्ये ती, तिचा हात माझ्या हातात, कोरड्या पानासारखा. वाटेत ती मोठ्याने सांगतेय कोणावर शिक्का मारायचा. तोच, जो भाषणात ओरडत होता की खाडीचा काठ साफ करीन, बाहेरून आलेल्यांची वस्ती उठवीन. लोक वळून बघतायत. तू हळूच म्हणालास, "बा, मी पण तिथेच राहतो." ती म्हणाली, "तू नहीं, भाई. पेला बीजा." ते बाकीचे.

शाळेच्या खोलीत साहेब बसलेला. आंधळ्याबरोबर आत जाणाऱ्याने कबूल करावं लागतं की मत कोणाला दिलं ते बाहेर बोलणार नाही. त्याने ते वाचून दाखवलं, तू सही येत नाही म्हणून अंगठा दिलास. मग बोटाला शाई लावायला साहेबाने तुझा हात धरला आणि बघतच राहिला. कोपरापर्यंत हात मिलच्या रंगाने निळा-जांभळा. शाई लावली तरी दिसणार कुठे? शेवटी नखाच्या मुळाशी जरा कातडी होती तिथे लावली. मला हसू आलं. तू हसला नाहीस.

मला बाहेर उभं केलं. गोणपाटाच्या आडोशाखालून फक्त पाय दिसत होते. डोशीचे अनवाणी, तुझे चपलांतले. मी बघतेय. तुझा एक पाय मागे आला. मग पुढे गेला. परत मागे आला. टाच वर उचलली, तशीच राहिली. मागे रांग कुरकुरायला लागली, एक जण म्हणाला, आत झोपले की काय. कितीतरी वेळ. मग दोन्ही पाय जवळ आले आणि शिक्क्याचा आवाज झाला. डोशी बाहेर येताना तुला विचारतेय, "बराबर मार्यो ने?" आणि तू म्हणतोस, "हो बा." त्या टाचेवरून मी आजवर अर्थ लावत बसलेय, आबा. प्रामाणिकपणाला एवढा वेळ लागतो का? की खोटेपणाला लागतो?

तो निवडून आला. पाऊसकाळ गेला आणि एक माणूस डबा-ब्रश घेऊन आला, आपल्या ओळीतल्या दारादारावर तांबडे आकडे घालून गेला. आई राखेने घासायला बसली, जसा काही पोरांनी खडूने रेघोट्या मारल्यात. पुसट झाला तर तो माणूस परत आला आणि आधीपेक्षा मोठा आकडा घालून गेला. मग एके सकाळी घरं पाडायचं मशीन आलं. आम्ही भांडी आणि गाद्या रस्त्यावर काढल्या. माझ्या चपला आत राहिल्या. मी त्या चपलांसाठीच रडत होते, भिंतीसाठी नाही. तू संध्याकाळी त्या ढिगाऱ्यात शिरलास आणि हातात दोन चपला घेऊन आलास. दोन्ही डाव्या पायाच्या. एक माझी, एक कोणाची देव जाणे. पण तुझं तोंड असं झालं होतं की मी म्हटलंच नाही काही. सबंध उन्हाळा मी दोन डावे पाय घालून भेस्तानात फिरले. पोरी चिडवायच्या, "ही चालते इकडे आणि जाते तिकडे." त्यांच्यापैकी एकीला मी बदडून पण काढलं.

आणि मशीन चालू होतं तेव्हा डोशी तिच्या दारात उभी होती. विचारत होती, "शुं अवाज छे? भाई क्यां गयो?" कसला आवाज आहे, भाई कुठे गेला. कोणी उत्तर दिलं नाही. तू तिच्यापासून चार हातांवर उभा होतास. तूही दिलं नाहीस.

यापुढचं मला कधीच समजलं नाही. भेस्तानला खोली मिळाली, आणि पहिल्याच सुट्टीच्या दिवशी तू डबा घेऊन निघालास. आईने विचारलं कुठे, तर म्हणालास, डोशीचं पाणी भरायला. आई दारात आडवी आली. "जिन्ही आपलं घर पाडं, तिले पानी पाजाले जास? सिक्का कोठे मारा तेवढं सांगी टाक, मंग जाय!" तू तिला बाजूला सारलंस आणि गेलास. डोशी मरेपर्यंत दर सुट्टीला जात राहिलास. त्याच वेळी मी विचारलं होतं, आबा, तिला फसवलं होतंस का तू? आणि खाल्ली होती. आयुष्यात एकदाच तू माझ्यावर हात उचललास, आणि तो यावर. म्हणजे मी कुठेतरी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. पण कोणत्या? तिला फसवलं म्हणून पाणी भरत होतास, की फसवलं नव्हतं म्हणून तिच्यासमोर उभं राहता येत होतं? दोन्ही बाजूंनी जुळतं. रात्रंदिवस उलटसुलट करून बघितलं, दोन्ही बाजूंनी जुळतं.

तू साहेबाला शब्द दिलास, मान्य. पण तो साहेब मेला असेल, डोशी मेली, तो निवडून आलेला मेला, आई मेली, तू मेलास. खाडी पण आता झाकून टाकलीय, वरून रस्ता जातो. आता कोणापासून लपवतोस?

पोरीला मी खोटं बोलले. म्हटलं, आबांनी मला सगळं सांगितलंय, पण फोनवर बोलायचं नाही, सवडीने सांगेन. तेव्हापासून रोज दुपारी फोन येतो, तिकडे तिची रात्रपाळी सुटलेली असते, कपडे पण बदललेले नसतात, आणि पहिला प्रश्न तोच. तू खरंच तसा शिक्का मारला असशील, स्वतःच्या घरावर, तर ती पण तशीच फुली करेल, मला माहीत आहे, तुझंच रक्त आहे. आणि फसवलं असशील तर कदाचित तिला पण धीर येईल, आणि त्यापायी आयुष्यभर कुणाच्या तरी कळश्या भरत बसेल. तुझ्या एका शब्दावर अडलंय. आणि मी वाटेल ते बनवून सांगू शकले असते. तोंड काय, माझं कुठे थांबतं?

ते बनवून का सांगत नाही, तेवढं तुला सांगते. ओट्यावर सांगायची सोय नाही आणि तुझ्या जावयालाही नाही. मोबाईलवर तो बाण झेंडेवाल्यांच्या बाजूने वर जातो ना, तेव्हा सगळे कपाळाला हात लावतात, मी पण लावते. पण आत कुठेतरी मला बरं वाटतं. येऊ देत निवडून. पाठवू देत. पोरगी येईल, नात येईल, बूट माझ्या दाराशी काढेल. तिने तिकडे एवढी वर्षं घासली, काय काय सोसलं, आणि तिची आई इथे बसून तिच्या घरावर मशीन फिरावं म्हणून वाट बघतेय. म्हणजे मी जर सांगितलं, बाई म्हणते तशी फुली कर, तुझ्या आबांनी पण खरंच केलं, तर ते कोण बोलतंय? तुझा शब्द, की माझा लोभ? मलाच कळत नाही. म्हणून माझ्या तोंडून नको.

हे कागद टाकायचे कुठे, ते काही मला ठाऊक नाही. साड्यांच्या खोक्याखाली ठेवीन. पण तू ऐकतोस हे मला माहीत आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुझ्या नावाची घागर भरते दरवर्षी, वर डांगराचं पिकलं फळ ठेवते, सांजोऱ्या, आमरस, सगळं तुझ्या आवडीचं, आणि पाणी पिऊन जातोस असं आई म्हणायची. आखाजीच्याच सुमाराला तिकडे मताचे कागद वाटतील. तर त्या दिवसापर्यंत मुदत देते. स्वप्नात ये, नाहीतर कोणाच्या तोंडी पाठव, तुझं तू बघ. आखाजीच्या सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर या वर्षी घागर कोरडी राहील, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. सांग आबा, टाच वर उचलून उभा होतास तेव्हा शिक्का कुठे मारलास?